नऊ सोमची कॉलर

आई, तुला बिश्केकहून सैकालचा सलाम.

बोटात सुई घुसली होती, ते भरून आलंय. काळजी करू नकोस.

आमच्या शिवणखान्यात पगार नगावर मिळतो. सरळ शिवणीला सहा सोम आणि कॉलरलाही सहाच. कॉलरचं टोक काढताना जीव जातो. वाकडं झालं तर उसवून पुन्हा शिवायचं, त्याचे पैसे नाहीत.

मंगळवारी मी मालकीणबाईंना, म्हणजे सगळ्या थोरली बहीण मानून एजे म्हणतात त्या गुलबारा एजेंना म्हटलं, "एजे, एक कॉलर तुम्हीच शिवून दाखवा."

"अर्धं आयुष्य मशीनवर गेलंय माझं, पोरी," म्हणत त्या बसल्या. सगळ्याजणी हातचं काम टाकून बघत राहिल्या. अठरा मिनिटं लागली, वर टोक वाकडं. शेजारची झामिरा शांतपणे म्हणाली, "उसवा, एजे. पैसे मात्र मिळणार नाहीत, नियम तुमचाच आहे."

एजेंनाच हसू आवरेना. कालपासून कॉलरला नऊ सोम.

बाबांच्या चष्म्याचे पैसे आता नक्की पाठवते. घोडीला शिंगरू झालं का?

ती वाकडी कॉलर आम्ही भिंतीला टाचून ठेवलीय. एजे दराबद्दल कुरकुरल्या की आम्ही नुसतं तिकडे बघतो.

तुझीच,
सैकाल