पाण्यासाठी सोडलेली जागा

८ ऑक्टोबर २०१६
ईस्ट कोस्टच्या या कॉन्डोमध्ये आज सामान लावून झाले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पुण्याची नोकरी सोडून सिंगापूरला यावे की नाही, याचा घोळ मी बरेच महिने घातला. बाल्कनीतून समुद्र पाहताना तो घोळ सर्वस्वी निरर्थक वाटला. सुनेत्राही प्रसन्न आहे. तिचा राग केवळ इथल्या दमट हवेवर: तळलेला पापड ताटात येईपर्यंत सादळतो आणि मिठाचा बरणीत दगड होतो. पासिर रिसला राहणाऱ्या आमच्या कन्येने, अनघाने, माझे नाव परस्पर जपानी शाईचित्रांच्या वर्गात घातले आहे. बाबांना उद्योग दिला नाही तर ते स्वयंपाकघरातल्या डब्यांचेही ऑडिट करतील, असे तिने आईला बजावल्याचे कळले.

१५ ऑक्टोबर
शिक्षिका ओकादाबाई सत्तरीच्या पुढच्या, मितभाषी. सहाणेवर गंध उगाळावे तशी शाईची कांडी दगडावर उगाळायची. ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. मला हा नियम मनापासून पटला; जमाखर्चातही खाडाखोड क्षम्य नाही. प्रत्येक प्राण्याला इथे अर्थ आहे: क्रौंच म्हणजे दीर्घायुष्य, वाघ म्हणजे धैर्य, कार्प मासा म्हणजे चिकाटी, कारण तो धबधब्यावर उलटा चढतो. मी कार्प निवडला.

२३ ऑक्टोबर
काल मासा पूर्ण झाला. ओकादाबाईंनी मान डोलावली आणि भोवतालच्या कोऱ्या कागदाकडे बोट दाखवून सांगितले, की हे पाणी आहे, याला हात लावू नका. घरी सुनेत्राने चित्र पाहिले मात्र, तिला हसू आवरेना. अहो, मासा झकास आहे, पण पाणी कुठाय? बिचारा कोरड्यात तडफडतोय की!
जेवण झाल्यावर मी पुन्हा शाई उगाळली. व्हाउचरवर मोकळी जागा राहिली तर तिथे कोणीही काहीही घुसडू शकतो. अशी जागा रेघ मारून बंद करण्यात माझी तीस वर्षे गेली. हे उघडे चित्र भिंतीवर लावणे मला शक्य नव्हते. माशाला धक्का न लावता सगळा कागद एकसारख्या करड्या रंगाने भरून काढला. पांढरे म्हणून काही उरले नाही. वाळताना माशाच्या तोंडाशी कागद किंचित चरचरला.

३० ऑक्टोबर
दिवाळी. बाहेर धो धो पाऊस, आणि घर आश्चर्यकारक कोरडे! चकल्यांचा डबा उघडा राहूनही त्या कुरकुरीत. मीठ वाळूसारखे सुटे. सुनेत्राने याचे श्रेय नव्या घराच्या गुणाला दिले. तिला तहान मात्र फार लागते आहे. फराळाचे तेल बाधले असावे, असे तिचे म्हणणे. तुळशीला सकाळी पाणी घातले होते. जेवणापूर्वीच माती भेगाळली.

३ नोव्हेंबर
सुनेत्राचे ओठ फुटून रक्त येते. क्लिनिकमध्ये सर्व तपासण्या ठीक निघाल्या. गेटवरचा रखवालदारही तिला इथल्या लकबीत म्हणाला, की आंटी, पाणी प्या लाह. ती पाण्याचे जगच्या जग रिकामे करते. आज कांदा चिरताना तिच्या डोळ्यांत थेंबही आला नाही. तिने ते हसण्यावारी नेले. मी नेऊ शकलो नाही.

५ नोव्हेंबर
ओकादाबाईंना चित्राचा फोटो दाखवला. त्या रागावल्या नाहीत. घरात आणखी कोण राहते, एवढेच विचारले. पत्नी, असे मी सांगताच त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला. तुम्ही त्याचे पाणी बंद केलेत, असे त्या म्हणाल्या. आता ते जिथे असेल तिथे तो जाईल. आणि हा मासा माघार घेत नाही.

६ नोव्हेंबर
चित्र भिंतीवरून उतरवले. करडा रंग जसाच्या तसा. मासा नाही. त्याच्या आकाराची पांढरी जागा तेवढी आहे —
सुनेत्राच्या मनगटावर काळा डाग. शाई समजून मी तो ओल्या फडक्याने पुसू लागलो. डाग फडक्याकडे वळला. त्याला शेपूट आहे.

७ नोव्हेंबर
आता कोपराच्या वर. नेहमी वरच, छातीच्या दिशेने. डॉक्टर म्हणतात, मुका मार. ती उठू शकत नाही. कामासाठी परदेशी गेलेली अनघा निघाली आहे, उद्या रात्री पोहोचेल.
ओकादाबाईंना फोन केला. त्याच्याजवळ कोणी पाण्याने अधिक भरलेले असेल तर तो तिकडे वळेल, असे त्या म्हणाल्या. असा कोणी आहे का, असेही विचारले.
आहे, म्हणालो.

८ नोव्हेंबर, सकाळी
पाणी पितो आहे. पोट दुखेपर्यंत. उलटी झाली, पुन्हा प्यालो. तिचा हात माझ्या डाव्या हातात घट्ट —
तळव्यातून काहीतरी थंड सरकले.
सुनेत्राचे डोळे ओले झाले. ओले!

दुपारी
ती उठली. चहा मागितला, दोनदा घेतला. मी अंघोळ केली नाही म्हणून बोललीसुद्धा.
माझ्या खांद्यापर्यंत —
जीभ लाकडाची. आवाज नाही. तिला काही सांगितलेले नाही. सांगायला हवे होते —
स्वयंपाकघरात नळ वाजला. माझ्यासाठी पाणी आणते आहे. आजारी माणसाला ती हात धरूनच पाणी पाजते —
हाक फुटत नाही. हे तिच्यापुढे धरतो. मोठ्या अक्षरात —
सुनेत्रा, पेला तिथेच ठेव. माझा हात धरू न