फोन कोणी घेतला

११ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही बरे असाल असं धरून चालते. जाऊबाईंचा खोकला थांबला का? माझा गुडघा आहे तसाच आहे. जिना चढताना गप्प असतो, उतरताना बोंब मारतो. खालच्या शेजारणीने माझ्या कुंड्यांत स्वतःच्या मिरच्या लावल्यात आणि पाणी घालायला मलाच सांगते.

मी सरकारी दफ्तरखान्यात जाऊन आले. एकदा नाही, चपला झिजेपर्यंत. मंत्रिसाहेबांच्या खुनाचे कागद लोकांना खुले झाले, हे तुम्हीही पेपरात वाचलं असेल. खुले म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळतं.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मयताशी नातं?"

"मी त्यांच्या ड्रायव्हरची बायको."

"मग ड्रायव्हर का नाही आले?"

"तेही मयतच आहेत, बाई. तुमच्या अर्जात एकाच मयताला जागा आहे."

हसल्या नाहीत. अर्ज परत. मग फोटो चालेना, मग सही जुळेना, मग अधिकारी जेवायला गेलेले. त्या खात्यात लोक जेवतात फार. मी बाकावर बसून भिंतीवरच्या सूचना वाचत राहायची. सगळ्या पाठ झाल्या. 'नागरिकांची सेवा हेच आमचे कर्तव्य' ही तर पंख्याच्या वाऱ्याने सारखी उलटीच व्हायची.

तुम्हाला माहीत आहे, मला शाळा नाही. वाचायला मी पेपरावर शिकले, ह्यांचं नाव कुठे छापलंय ते शोधण्यासाठी. दरवर्षी त्या तारखेला तेच यायचं : मार्ग आयत्या वेळी बदलला होता, तो निरोप फक्त ड्रायव्हरच्या घरच्या फोनवर गेला होता, मग पुलावर मारेकरी आधीच कसे उभे होते? पुढे ह्यांचं नाव. नोकरी गेली, दोष कधी सिद्ध झाला नाही, पण खात्याच्या कागदावर 'विश्वासास अपात्र' हा शेरा राहिला. तो शेरा पुसून घ्यायचा, एवढ्यासाठीच मी हे दार धरून बसले होते.

शेवटी फाईल मिळाली. पानंच्या पानं काळ्या पट्ट्यांनी भरलेली, कोळसा सांडल्यासारखी. मी चिडून तिथल्या चष्मेवाल्या कारकुनाला म्हटलं, "हे वाचायला दिलंय की लपवायला?"

तो बिचारा हळू आवाजात म्हणाला, "आजी, पट्टी आहे म्हणजे माणूस हयात आहे. हयात माणसांची नावं आम्ही झाकतो. गेला की उघडतो."

"म्हणजे तुमच्याकडे मेल्याशिवाय सुटका नाही."

"किंवा त्याने स्वतः संमती लिहून दिली तर."

ह्यांचा जबाब उघडाच होता. 'फोन मीच घेतला. निरोप मीच ऐकला. कोणाला सांगितला नाही.' अक्षर कोणा पोलिसाचं, सही ह्यांची. मी सहीवर बोट ठेवून बसले. चष्मेवाला म्हणाला, कागदाला हात लावू नका.

त्याच्या मागे आणखी एक जबाब होता, चौकशी आटोपल्यानंतरचा. नावावर पट्टी, पत्त्यावर पट्टी. मजकूर मात्र मोकळा. तो तुम्हाला लिहून पाठवते :

'दादा आंघोळीला गेला होता. वहिनी आत चहा करत होत्या. फोन मी घेतला. गाडी पुलावरून न्यायची, असा निरोप होता. दादाला सांगितला आणि न्हाव्याकडे दाढी करायला गेलो. तिथे माणसं बसली होती. मी सहज बोललो.'

भाऊजी, त्यांनी नाव झाकलं. 'दादा' झाकायचं कोणाला सुचलं नाही. ह्यांना दादा म्हणणारं जगात एकच माणूस आहे. आणि वहिनी तर मीच. सगळ्या देशाच्या त्या कागदांत मी स्वतःला पहिल्यांदाच भेटले, आत चहा करताना.

घंटी मलाही ऐकू आली होती. दूध उतू जात होतं, म्हणून मी बाहेर डोकावले नाही.

तुम्ही बोललात त्याचा राग नाही. भाऊ मंत्र्याची गाडी चालवतो, हे चार लोकांत सांगायची हौस कोणाला नसते? आणि नंतर आपल्या पायांनी जाऊन खरं सांगितलंत, तेही वाचलं. सरकारने ते दाबून ठेवलं, त्याला तुम्ही काय करणार? पण सरकारला सांगितलंत आणि घरात नाही. ह्यांनी तुमच्यासाठी 'मीच' म्हटलं आणि जन्मभर ते 'मीच' ओढलं. दवाखान्यात तुम्ही त्यांचे पाय दाबत बसला होतात. ते तुमच्याकडे बघत होते, तुम्ही सलाईनच्या बाटलीकडे. मला वाटलं, दुःखाने बघवत नसेल.

मी खात्यात जाऊन विचारलं, या जबाबावर शेरा निघेल का. उत्तर आलं : अज्ञात इसमाच्या जबाबाची दखल घेता येत नाही. मी तिथे तुमचं नाव सांगितलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं. पण ह्यांनी जे नाव गिळलं ते मी कसं ओकू?

म्हणून तुम्हालाच लिहिते. संमतीला कोऱ्या कागदावर दोन ओळी पुरतात, असं चष्मेवाला म्हणाला. ती पट्टी दोनच प्रकारे निघते, आणि त्यातला एक प्रकार मला नको आहे. तुम्ही खूप जगा. पण ह्यांचं नाव मोकळं व्हायला मी तुमच्या मरणाची वाट बघत बसावं, अशी वेळ माझ्यावर आणू नका. वाईट मनाची होईन मी.

या आणि स्वतः द्या. दार उघडं असेल. पेपरवाले नकोत, पोरंबाळं नकोत, तुम्ही एकटे या.

चहा मी करीन. या वेळी बाहेर बसून.

तुमची
वहिनी