फोडणीच्या पळीत शिसं

फुजैरा (यूएई), गुरुवार संध्याकाळ

दुपारी नातीच्या वरणाला फोडणी दिली. तिने दोन वाट्या ओरपल्यावर हे सांगतात, काल त्याच पळीत शिसं वितळवलं होतं. पिस्तुलाच्या गोळ्या ओतायला! पिस्तूल पुण्याला, ह्यांच्या भावाच्या कपाटात. इथे नुसता साचा, ह्यांनी स्वतः कोरून घडवलेला.

"अगं, पळी साबणाने घासली होती."

जन्मात कप विसळला नाही ह्यांनी. घासलेली पळी बघून मी मूर्ख खूश झाले!

नात म्हणते, "आजी, व्हाय आर यू शाउटिंग?"

उद्या तिचं रक्त तपासायचं. शिसं कुठून आलं, डॉक्टर विचारणारच. "मासेमारीच्या गळाला लावायच्या शिशाचं सांग," हे म्हणाले. "गोळ्यांचं नाव काढलंस तर खलास, मला आत टाकतील."

खोटं बोलायला शाळेत नन्सनी शिकवलं नाही. ह्यांच्या संसारात शिकले. बोलेन. पण रक्तात शिसं निघालं, तर साचा घेऊन पोलिसांत मी स्वतः जाईन. तसं तोंडावर सांगितलंय.

तेव्हापासून नातीजवळ बसून तिच्या कपाळाला सारखा हात लावताहेत. शिशाने काय ताप येतो?