ऐकून घेणारा माणूस

सोमवार, ३ जून
ऑफिसात ट्रेनिंग. ट्रेनरबाई म्हणाल्या की पर्सनल ब्रँड जाहिरातीनं होत नाही, रोजच्या वागण्यातून होतो. एक गुण निवडा आणि तो चोवीस तास जगा. मी 'ऐकून घेणारा माणूस' निवडला. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते आणि मी तक्रारींच्या टेबलावर बसतो, तेव्हा अगदी फिट. शिवाय यात उठून काही करावं लागत नाही.
पद्धत सोपी. डोळ्यांत बघायचं, मान हलवायची, समोरच्याचे शेवटचे शब्द हळू आवाजात परत म्हणायचे.

मंगळवार, ४ जून
आरशासमोर मान हलवायचा सराव. ही दारात उभी राहून बघत होती. आत गेली आणि तेल गरम करून घेऊन आली. मान चोळून घेतली. ब्रँडचं सांगायचं राहून गेलं.

गुरुवार, ६ जून
जबरदस्त यश! एक आजोबा तक्रार घेऊन आले. त्यांची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकते, आजी दमेकरी. मी 'दमेकरी...' म्हणालो. त्यांना भरून आलं. म्हणाले, इतकं मनापासून आजवर कुणी ऐकलं नाही. साहेबांनी केबिनमधून पाहिलं, हे बरं झालं.
पत्ता घ्यायचा राहिला. पण मध्येच पेन काढलं असतं तर नजर तुटली असती.
संध्याकाळभर चुटपुट. आजी जिना चढत असतील.

रविवार, ९ जून
आज घरात ब्रँड सुरू केला. जेवताना बाबा बरंच बोलले. मोतीबिंदूचा विषय होता, एवढं नक्की. मी फार सुंदर ऐकलं. बाबा म्हणाले की तू बदललास रे. ही म्हणाली की मग मी शाळेत रजा टाकत नाही.
'मग' म्हणजे कधी आणि कशाला, ते कळलं नाही. विचारलं असतं तर ऐकत नव्हतो हे उघड झालं असतं.

मंगळवार, ११ जून
बाबांनी विचारलं, गाडी सांगून ठेवलीस का? 'सांगून ठेवली...' सवयीनं तोंडातून गेलं. ते निश्चिंत झाले.
कसली गाडी? उद्या हिला सहज बोलता बोलता विचारायचं. नक्की.

बुधवार, १२ जून
विचारायचं राहिलं. माझा काय दोष? साहेबांनी ऐन वेळी सांगितलं की उद्या सकाळी सगळ्यांसमोर 'ऐकण्याची कला' यावर बोला. भाषण पाठ करत होतो. ही म्हणाली की उद्या मला शाळेत फेरपरीक्षेमुळे लवकर जायचंय, तू आहेस ना? आहे म्हणालो. मी काय, असतोच.

गुरुवार, १३ जून
सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर फाइल घेऊन तयार बसले होते. छान दिसत होते. मी येतो म्हटलं तर तेही उठले. म्हटलं, बसा बसा, उठता कशाला! आणि जिना उतरलो.
भाषण रंगलं. टाळ्या. फोन बंद ठेवला होता. चालू केला तर हिचे कॉलच कॉल.
अरे देवा. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन आज होतं. रविवारी ते म्हणाले होते, गुरुवारी दोघांनीच जायचं. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून, हळू आवाजात, 'दोघांनीच जायचं...' म्हणालो होतो.
धावत दवाखान्यात गेलो. शेजारच्या काकूंनी नेलं होतं त्यांना. काकू म्हणाल्या की बाबा खाली फाटकाशी उभे होते, येणारी प्रत्येक गाडी थांबवून बघत होते. दिसत तर नीट नाही त्यांना.
मी नालायक आहे. ट्रेनरबाईंनी हा धोका सांगायला हवा होता. पण नालायक मीच.

शुक्रवार, १४ जून
रजा टाकली. गाडी स्वतः सांगितली, बाबांना हाताला धरून पट्टी काढायला नेलं. काकूही निघाल्या. बाबांनीच बोलावलं होतं. मी विचारलं नाही.
डॉक्टरांनी पट्टी काढली. नर्स थेंबांच्या बाटल्या घेऊन आली. कोणता कधी घालायचा, आधी कोणता, मध्ये किती वेळ सोडायचा. आज मी एकही शब्द सोडणार नव्हतो. शप्पथ. मी पुढे झालो, नीट कान दिले, आणि मान हलवली.
बाबा नर्सला म्हणाले की ह्याला नका सांगू, बाहेर काकू बसल्यात त्यांना सांगा. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला साखर चालत नाही, असं सांगावं तितक्या साधेपणानं म्हणाले. वर, माझा मुलगा आहे, चांगला आहे हो, असंही म्हणाले.
नर्सनं काकूंना आत बोलावलं. त्यांची पिशवी घेऊन मी बाहेर बसलो.