गाडी वळवा

चि. साहेबांस,

माझं घर बंद करून मला कायमचं तुझ्या शहरात न्यायला तू खासगी ड्रायव्हर ठरवलास. निम्म्या वाटेवर मी चहा मागितला, तर त्याने तुलाच फोन लावला. "साहेब, आजींना साखरेचा चालेल?"

"बिनसाखरेचा द्या. आणि त्यांचं काही ऐकू नका."

स्पीकर चालू होता, बाळा.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांची छडी खाल्ली, पण माझ्या चहात त्यांनीही कधी नाक खुपसलं नाही.

"गाडी वळवा," मी म्हणाले.

"साहेब ओरडतील, आजी."

"साहेबांना बोलायला मीच शिकवलंय. मी बघते."

हे पत्र टाकत नाही. भेटलास की तोंडावरच सांगेन. तुझ्याकडे येईन ती पाहुणी म्हणून, परतीची गाडी आधी ठरवून.

स्वतःच्या घरातून,
आई