बिनडोळ्यांचा ड्रॅगन

एदो. काएई पाचवे वर्ष, पाचव्या महिन्याची एकोणीस तारीख. देवळाच्या घंटेचे पाच टोले आत्ताच पडले (मी मोजले), म्हणजे सकाळचा ड्रॅगनचा प्रहर लागला. मी पाठीवर ओलं फडकं टाकून पोटावर पडलो आहे.

तीर्थरूप इसोकिची मामांस सेइहाचीचा साष्टांग नमस्कार. आठही अंगं खरोखरच जमिनीला टेकलेली आहेत, त्यामुळे या वेळी नमस्कारात काही कसर नाही. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि मुळ्याचं शेत यांची खुशाली कळवावी. पुढची ओळ बसून वाचावी आणि मामींना जवळ बोलावून घ्यावं.

मी पाठ गोंदवली. मानेपासून कमरेपर्यंत, ड्रॅगन.

तुम्ही म्हणाल, आग विझवणाऱ्या तुकडीत शिडी धरणाऱ्या पोराने एवढं मोठं जनावर अंगावर घ्यावं का? हाच प्रश्न मला अकरा महिने पडला होता. देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांना मी चार वेळा जाऊन विचारलं. चौथ्या वेळी ते झाडू खाली ठेवून म्हणाले, "अरे, पाण्याचा धनी आहे तो. आगीत शिरणाऱ्याने नाही घ्यायचा तर काय तांदूळवाल्याने घ्यायचा? जा आता, मला अंगण झाडू दे." मग मी रीतसर चौकशी केली. आपल्याकडे नखं तीन. (चिनी भांड्यावर चार आणि पाचही पाहिली, पण भांडं काही आग विझवायला जात नाही.) वसंतात तो वर चढतो, शरदात खाली उतरतो, म्हणून चढत्याबरोबर चेरीची फुलं शोभतात, लाल मेपलची पानं नाहीत. आपल्या तुकडीतल्या गोन्ताने चढता ड्रॅगन आणि मेपल दोन्ही गोंदवून घेतली आहेत. मी त्याला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या ड्रॅगनला उशीर झाला, वाटेत दारू प्यायला थांबला होता." अशा माणसाशी काय बोलायचं?

कारागीर म्हणजे उस्ताद होरिझेन, तुमची पाठ गोंदली तेच. दर बैठकीनंतर मी केशकर्तनवाल्याकडचे दोन आरसे मागून आणत असे आणि नखं मोजत असे. उस्ताद सुया पुसत म्हणायचे, "काय, पळालं का एखादं?" आपले नायक देनझो तर सगळ्यांसमोर म्हणाले, "हा पोरगा आगीलासुद्धा आधी नाव-गाव विचारील." सगळे हसले. मीही हसलो, कारण तेव्हा पालथा पडलेलो नव्हतो.

पण मामा, ज्या कारणासाठी हे सगळं केलं ते तुम्हालाच सांगतो. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तेलवाल्याच्या आगीत माझे पाय शिडीच्या मधल्या पायरीवर थिजले. मला गोन्ताने मानगुटीला धरून उतरवलं. आणि गेल्या महिन्यात, अंगावर बत्तीस बैठकांचा ड्रॅगन घेऊन, मी नवारवाल्याच्या छपरापर्यंत चढलो, आग इथेच अडवायची याची खूण म्हणून आपल्या तुकडीचं निशाण धरलं आणि आग शमेपर्यंत उतरलो नाही. वीस वर्षांपूर्वी तुम्ही उभे राहायचात तसाच. खाली आल्यावर रिवाजाप्रमाणे अंगरखा उलटा करून घातला, अस्तरावरचं चित्र बाहेर काढून, आणि गल्लीतून चाललो. देनझो नायकांनी स्वतःच्या पिंपातलं पाणी मला दिलं.

आता अडचण. ड्रॅगनला डोळे नाहीत. डोळे शेवटी भरतात हे मला माहीत होतं, म्हणून काल मी आंघोळ करून, नवा कमरपट्टा बांधून गेलो. तिथे आरशात शेपटीजवळ एक खवला वेगळाच दिसला: मोठा, गोल, माशाचा. मी शक्य तितक्या नम्रपणे चूक दाखवली. उस्तादांनी चिलीम झाडली. म्हणाले, "चूक नाही ती. तुझ्या मामाच्या पाठीवर धबधबा चढणारा मासा मीच सोडला होता. वर पोहोचला की त्याचाच ड्रॅगन होतो. हा खवला त्याच्याकडून आलाय. आणि डोळे मी तुझ्या मामाला विचारल्याशिवाय भरणार नाही." (काल त्यांनी पाठीवरच्या ढगांना तेवढा पुन्हा रंग दिला, म्हणून हा आजचा पालथा मुक्काम.)

पुढच्या महिन्याच्या सत्तावीसला ओयामाचा डोंगर यात्रेकरूंसाठी उघडतो. आपली सगळी तुकडी तिथल्या धबधब्याखाली स्नानाला जाणार, उघड्या पाठींनी. मला आंधळा ड्रॅगन घेऊन जावं लागेल. तरी आपण दोन ओळींची संमती पाठवावी, ही विनंती. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सेइहाची

ता. क. संमती तर आधीच दिली होती, असं उस्ताद म्हणाले तर गोंधळू नये. पहिल्या सुईआधी त्यांनी वडीलधाऱ्यांचं पत्र मागितलं होतं. ते मीच तुमच्या नावाने लिहिलं. काल त्यांनी ते तंबाखूच्या पेटीतून काढून मला परत दिलं. म्हणाले, "यात 'माझा भाचा गुणी आणि धाडसी आहे' असं लिहिलंय. इसोकिची माझ्याकडे तीन वर्षं पालथा पडला, त्याने कुणाला एवढं चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला." मग गोंदलंत कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "खरं होतंय का ते बघायचं होतं."

आणखी ता. क. मामी कळवतात की आगीत छप्पर कोसळून पाठ भाजल्यापासून तुम्ही सार्वजनिक न्हाणीघरात भिंतीला टेकून बसता आणि सगळे गेल्यावर उठता. उस्ताद सुया घेऊन आमच्याबरोबर ओयामाला येणार आहेत. तुमच्या गावाहून धबधबा अर्ध्या दिवसावर आहे. त्यांचं म्हणणं, डोळे उघडल्यावर ड्रॅगनने पहिला आपला मासा बघावा, जेवढा उरला असेल तेवढा. म्हणजे आपल्याला पाठीला पाठ लावून बसावं लागेल. आपल्या दोघांना काहीच दिसणार नाही, पण त्याला दिसेल.

हिशेब: बैठका बत्तीस, दर बैठकीला एक शु, एकूण दोन रयो (सोळा शुंचा एक रयो), चुकते. कालच्या ढगांचे पैसे घेतले नाहीत. आरशांचं भाडं म्हणून केशकर्तनवाल्याला सुके मासे, सहा. बाकी: डोळे दोन. त्यांचेही पैसे उस्ताद घेणार नाहीत. डोळे तुमच्याकडून येणे आहेत.