आत्या, तुझ्यावर दावा लावू दे

तळ्याकाठून, मिनेसोटा
रानतांदळाचा महिना

आदरणीय वर्ना आत्या,

लेलंडचा नमस्कार. (हे पत्र आत्याला आहे, जमातीच्या परिषदेच्या अध्यक्षबाईंना नाही. कचेरीत उघडलं गेलं असेल तर पुन्हा चिकटवून घरी न्यावं.) गुडघा कसा आहे? मी बरा आहे, फक्त परवा कोर्टात हरलो.

सोमवारी तुमची परिषद तळ्याच्या उथळ कडेला मोटरबोटींचा धक्का बांधायला घेणार, आणि नेमका तिथेच आपला रानतांदूळ उगवतो. कामाला मनाई मिळावी म्हणून मी अर्ज केला. तुमचा वकील उठून म्हणाला, ही मूळनिवासी जमात सार्वभौम आहे, तिच्या संमतीवाचून तिच्यावर दावा चालत नाही. गंमत बघ, बाहेरच्या कंपनीनं आपल्याला कोर्टात खेचलं होतं तेव्हा याच वाक्यावर मी अंगणात नाचलो होतो. (परवाही पाय जरासे हललेच.)

न्यायाधीशबाई भल्या. म्हणाल्या, संमतीचं मग बघू, आधी कधीच भरून न येणारं नुकसान दाखवा. मी डोळे मिटले. दव नुकतं सुकलंय, होडी तांदळाच्या उंच काड्यांतून सरकतेय, पुढे पाठमोरी बसलेली तुझी भाचेसून, माझी ओपल, दांडक्यानं हलकेच टोला देतेय आणि दाणे तिच्या मांडीवर सांडतायत... बराच वेळ गेला असावा, कारण कारकून खोकला. बाईंनी विचारलं, "तिथला तांदूळ गेला तर तुम्हाला कमी पडेल का हो?" आता आत्या, चार लोकांसमोर घरात कमी आहे असं आपल्यात कुणी कधी म्हटलंय? मी चटकन म्हणालो, "छे छे, भरपूर आहे! तुम्हीही न्या, वकीलसाहेबांनाही बांधून देतो!" वकिलानं ते लिहून घेतलं. माझं नुकसान तिथल्या तिथे भरून आलं आणि अर्ज फेटाळला गेला. (बाईंनी तांदूळ घेतला नाही. वकिलानं दोन पिशव्या नेल्या.)

तुझा भाचा,
लेलंड

ता.क. परिषदेत तुझाच शब्द चालतो. एवढी संमती दे, म्हणजे तुझ्यावर रीतसर दावा लावता येईल. राग मानू नकोस, घरचंच आहे.

आणखी ता.क. संमती राहू दे. खरं नुकसान माझ्या तोंडून निघालंच नाही. ओपल गेल्यापासून होडीत पुढे बसायला कुणी नाही, आणि ती मला आता दिसते ती फक्त त्या काड्यांत. शनिवारी येशील का? होडी मी ढकलीन, तू दाणे झाड. गुडघ्याखाली घ्यायला उशी ठेवलीय. सोमवारचं काय ते मग तूच ठरव.

दांडकी आणू नकोस. ओपलची मी कुणाला देत नाही, पण तुला देईन.